पावसाळा लागला की कासव खाणं सोडतं: सिरिंज हातात घेण्याआधी आणि घेतल्यावर

जुलै उजाडला की ठाणे-नवी मुंबईतल्या कासववाल्यांचे फोन सुरू होतात आणि पहिलं वाक्य बहुतेकांचं तेच असतं: "ताई, कितीतरी दिवस झाले, खात नाही हो. सिरिंजने काय देऊ?" ऐरोलीच्या एका काकांचा फोन तर ठरलेलाच. मागच्या पावसाळ्यात भरवून भरवून जगवलेलं त्यांचं कासव यंदाही त्याच सुमारास मान आत ओढून बसलं होतं. "गेल्या वेळी दिलं तेच परत चालू करतो," म्हणाले. मी म्हटलं, "काका, सिरिंज राहू द्या. वरची यूव्ही ट्यूब कधी बदलली ते आधी सांगा." उन्हातली अतिनील (यूव्ही) किरणं देणारी ती ट्यूब कधी लावली, ते त्यांना आठवेना.

भरवल्याने कासव तग धरतं, यात शंका नाही. पण त्याने खाणं का सोडलं याचं उत्तर सिरिंजमध्ये नसतं, म्हणून तर तीच अडचण वर्षभराने परत दारात उभी राहते. आधी कारण शोधायचं, मग ऊब, मग पाणी, आणि सगळ्यात शेवटी अन्न. हा क्रम उलटा केला तर थंड पोटात गेलेलं अन्न पुढे सरकत नाही, तिथेच आंबतं आणि आजारी कासव आणखी आजारी पडतं.

हे कोणत्या कासवासाठी आहे

जमिनीवरच्या, गवत-पाला खाणाऱ्या कासवासाठी. आपल्याकडे घरात दिसणारं त्यातलं मुख्य म्हणजे सुलकाटा. मूळचं आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातलं, सहाराच्या दक्षिण कडेचं. घरी येतं तेव्हा तळहातावर मावतं आणि मोठेपणी चाळीस-पन्नास किलोंच्या घरात जातं, जे विकणारा सहसा सांगत नाही. हे कासव शीतनिद्रा घेत नाही. त्यामुळे "थंडीत झोपतात ना ती, म्हणून खात नसेल" हा दिलासा त्याच्या बाबतीत खोटा आहे. सुलकाटा पाळत असाल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते, तेही राहिलं असेल तर करून टाका.

टबमध्ये ठेवलेलं लाल कानाचं पाणकासव हे वेगळं प्रकरण आहे. ते पाण्यातच गिळतं. बाहेर काढून तोंडात काही घालण्याच्या भानगडीत पडू नका. त्याचे डोळे सुजून मिटले असतील तर ते खात नाही याचं एक साधं कारण म्हणजे त्याला दिसतच नाही. वर्षानुवर्षं नुसत्या वाळलेल्या कोळंबीवर ठेवलेल्या पाणकासवांना अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे हे होतं. त्याचं इंजेक्शन डॉक्टरांनीच द्यायचं असतं, कारण मात्रा जास्त झाली तर कातडी सोलवटून निघते.

आणि पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव असेल, तर ते वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. घरात ठेवणं गुन्हा आहे. गुपचूप फोन करून भरवायची कृती विचारणारे बरेच जण याच भीतीने डॉक्टरांकडे जात नाहीत आणि प्राणी खोक्यात झिजत राहतो. वनखात्याचा १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, तिथे फोन करा. येऊरच्या जंगलात किंवा उपवन तलावाच्या काठी सोडून देऊ नका. चांदणीचं कासव ठाण्याच्या ओल्या जंगलातलं नाहीच, आणि आजारी प्राणी जंगलात सोडला तर त्याचा आजारही जंगलात जातो.

पुढचं वाचत बसू नका, निघा

तोंड उघडून, मान लांब ताणून श्वास घेत असेल. नाकातून बुडबुडे येत असतील. पायाला हात लावल्यावर पाय आत ओढत नसेल. तोंडात पिवळसर, चिजसारखा थर दिसत असेल. पोटाकडच्या कवचावर लालसर झाक आली असेल. मागच्या पायांनी जोर लावूनही शी-शू होत नसेल, किंवा मादी सतत उकरत फिरत असेल आणि अंडी मात्र बाहेर येत नसतील. नर कधी जवळ आला नसला तरी मादीच्या पोटात अंडी तयार होतात, हे लक्षात असू द्या. यातलं काहीही असेल तर घरचे उपाय थांबवा. चार बोटांएवढं पिल्लू असेल तर दोन-तीन दिवसांचा उपासही त्याला जड जातो. मोठं, वजन टिकवून असलेलं, डोळे टवटवीत असलेलं कासव मात्र काही दिवस खाल्लं नाही म्हणून लगेच दगावत नाही. तेवढा वेळ तुमच्या हातात असतो, तो घाबरण्यात घालवू नका.

कासवं बघणारे डॉक्टर आपल्या भागात थोडेच आहेत. निघण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचारा: कासवाचा एक्स-रे काढून वाचता का, आणि पोटात नळी घालता का. दोन्हीला "हो" आलं तरच जा, नाहीतर ठाण्याहून निघून ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस जाईल आणि हातात व्हिटॅमिनची बाटली येईल. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं. ते सरकारी असल्यामुळे खर्चाची धास्ती असलेल्यांनी तिथे चौकशी करावी. नेताना खोक्यात कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा आणि टॅक्सीचा एसी बंद करायला सांगा. ड्रायव्हर कुरकुर करेल, करू द्या.

एक औषध मात्र पाठ करून ठेवा: आयव्हरमेक्टिन. कुत्र्याच्या गोचिडांवर, गाई-म्हशींच्या जंतांवर सर्रास दिलं जाणारं हे औषध कासवांना विषारी आहे, त्याने कासवं लुळी पडून मरतात. कुत्र्या-मांजरांची सवय असलेल्या दवाखान्यात जंताचं औषध लिहून दिलं तर त्यात हे नाही ना, एवढं स्पष्ट विचारा. विचारायला लाजायचं काही कारण नाही.

दरवर्षी तोच महिना, की केव्हाही?

अडचण पुन्हा पुन्हा येणाऱ्यांनी सगळ्यात आधी हा प्रश्न स्वतःला विचारावा. मोबाइलमधले जुने फोटो, डॉक्टरांची बिलं, क्रिटिकल केअरच्या (भरवायच्या तयार भुकटीच्या) पाकिटाच्या खरेदीचे मेसेज काढा आणि मागच्या वेळी कधी झालं होतं ते बघा.

खाणं दरवेळी जून-जुलैपासून सुटत असेल आणि दसऱ्याच्या आसपास परत येत असेल, तर दोष बहुतेक घरात आहे. उन्हाळाभर बाल्कनीत ऊन असतं, तोवर जुनी ट्यूब, कमजोर बल्ब, सगळं झाकून जातं. पाऊस लागला की ऊन जातं, खिडक्या बंद होतात, आणि कासवाच्या वाट्याला येतो तो फक्त तुमचा दिवा. तो कितपत काम करतो हे तेव्हा उघडं पडतं. यूव्हीबी ट्यूब दिसायला लखलखीत असते, पण तिच्यातून निघणारी यूव्हीबी किरणं सहा महिने ते वर्षभरात उतरतात. डोळ्यांना ते कळत नाही. म्हणून नवी ट्यूब लावताना तिच्या टोकाला मार्करने तारीख लिहायची. काचेतून आणि जाड प्लॅस्टिकमधून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. बंद स्लायडिंगच्या आत "उन्हात" बसलेलं कासव फक्त उजेडात बसलेलं असतं. ही किरणं नसली की ड जीवनसत्त्व बनत नाही, ते नाही तर अन्नातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि कॅल्शियम घटलं की स्नायू ढिले पडतात, आतडंही सुस्तावतं. पिल्लाचं कवच दाबल्यावर दबतं ते यामुळेच.

त्यात पावसाळ्यात लाईट जाते. रात्री दोन तास गेली तर मोठ्या कासवाला काही होत नाही, पण दिवसचे दिवस येत-जात राहिली तर उबेची सगळी घडी विस्कटते. इन्व्हर्टरवर पंखे आणि राउटर असतात, कासवाचा दिवा नसतो. ज्यांच्याकडे हे नेहमीचं आहे त्यांनी मासळीवाल्याकडून थर्माकोलचा मोठा खोका आणून, स्वच्छ धुवून, हवेला भोकं पाडून ठेवावा. लाईट गेली की कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या आणि कासव त्यात. बाटली अंगाला थेट लागता कामा नये. पोट भाजलं तरी कासवाला ते वेळेवर समजत नाही.

डिसेंबर-जानेवारीत सुटत असेल तर रात्रीचं तापमान बघा, आणि त्याहून आधी फरशी बघा. व्हिट्रिफाइड टाइल्सवर रात्रभर पोट टेकून बसलेलं कासव सकाळी गार दगड झालेलं असतं. बेडरूमच्या एसीत फिरणाऱ्या कासवांना तर बारा महिने डिसेंबर. गणपतीत सुटत असेल तर मखरासाठी त्याचा कोपरा हलवला का ते आठवा. जागा बदलली की काही कासवं आठवडाभर रुसतात, त्याला औषध लागत नाही.

याउलट, कधी मार्च, कधी ऑक्टोबर, काही मेळच लागत नाही असं असेल, तर दोष कासवाच्या अंगात शोधायचा. मूत्राशयातला खडा, मूत्रपिंडाचं दुखणं, जंतांचा भार, पोटात गेलेली खडी किंवा प्लॅस्टिक, अंडी. यातलं काही बाहेरून दिसत नाही. एक्स-रे, ताज्या शीचा नमुना आणि रक्तातलं युरिक अ‍ॅसिड-कॅल्शियम-फॉस्फरस याशिवाय डॉक्टरही अंदाजच बांधणार. दोन वेळा भरवून बरं झालेलं आणि तिसऱ्यांदा पडलेलं कासव तपासण्यांशिवाय पुन्हा भरवायला घेऊ नये, असं माझं मत आहे.

बाल्कनीतल्या कुंड्याही एकदा बघून घ्या. मनी प्लांट आणि डायफेनबेकिया चावलं की तोंडात सुईसारखे स्फटिक टोचतात, आग होते, आणि कासव काही दिवस कशालाच तोंड लावत नाही. कण्हेर तर सरळ विष. सोसायटीच्या बागेत फिरवणाऱ्यांनी कण्हेरीचं झुडूप कुठे आहे ते पाहून ठेवावं.

ऊब आणि पाणी

सुलकाटाला दिव्याखाली ३५ ते ३८ अंश, बाकीच्या जागेत दिवसा २७-३० अंश आणि आजारपणात रात्रीही २६-२७ अंशांच्या खाली नको. तापमान हाताने ठरवू नका. कोविडच्या काळात घेतलेली कपाळाची बंदूक घरात पडली असेल, पण ती माणसाच्या तापासाठी जुळवलेली असते. पृष्ठभाग मोजायचा मोड नसेल तर आकडा फसवा येतो. वायरच्या टोकाला प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि प्रोब कासवाच्या पाठीच्या उंचीवर ठेवा. ऊब वरून हवी. खालून तापणारा पॅड किंवा "गरम दगड" नको.

सर्दी आहे म्हणून विक्स, वाफ, तुळशीचा काढा असले प्रकार करणारी प्रेमळ माणसं मला नेहमी भेटतात. कासवाला नीट खोकता येत नाही, त्यामुळे फुप्फुसात गेलेलं काहीही तिथेच राहतं. नका करू.

ऊब दोन दिवस स्थिर झाली की रोज सकाळी कोमट पाण्यात बसवा. पाणी हनुवटीच्या खाली, साधारण ३० अंश, पंधरा-वीस मिनिटं. गार झालं की बदला. बरीच कासवं इथेच पाणी पितात, शू करतात, अडलेली शी करतात. शूसोबत येणारा पांढरा भाग टूथपेस्टसारखा मऊ असेल तर ठीक. वाळूसारखा चरचरीत असेल तर अंगात पाणी कमी आहे आणि खडा होण्याची शक्यता आहे. अशा कासवाला अन्न आधी घालू नका. सुकलेल्या अंगात प्रथिनांचा भार गेला की मूत्रपिंडांवर ताण येतो.

रोजचं वजन इथूनच लिहायला घ्या. आंघोळीनंतर, पुसून, खायच्या आधी. लहानाला स्वयंपाकघरातला काटा पुरतो. मोठ्याला प्लॅस्टिकच्या टोपलीत ठेवून सामानाच्या काट्याला टांगा. शू केल्यावर वजन एकदम उतरतं, त्याने दचकू नका; आठवड्याची चाल बघायची. वजन आणि लांबीवरून तब्येत सांगणारा जॅक्सन यांचा आलेख फिरत असतो, तो भूमध्य समुद्राकडच्या दोन जातींसाठी बनवलेला आहे. सुलकाटाला तो लावून "अंडरवेट आहे" म्हणत बसू नका.

आधी स्वतःहून खातंय का

भरवायच्या आधी आमिष दाखवायचं, आणि भरवणं सुरू झाल्यावरही रोज सकाळी दाखवायचं. लाल-पिवळ्या रंगाकडे कासवं ओढली जातात. जास्वंदीचं फूल हे पहिलं शस्त्र, आणि ते आपल्या गल्लीत फुकट मिळतं. मग शेवग्याचा कोवळा पाला, तुतीची पानं, काटे काढलेल्या फड्या निवडुंगाची फोड, लाल भोपळ्याचा कीस. हरळी, म्हणजे दुर्वाच, हे सुलकाटाचं खरं रोजचं जेवण; स्टेशनबाहेरच्या फुलवाल्याकडून आणली तर खूप वेळा धुवा, कारण ती कुठून उपटलेली असते ते कोणी सांगत नाही. बाजारचा झेंडू नको, फवारणीचा असतो. काकडी तोंड उघडायला बरी, पण तिच्यात पाण्यापलीकडे फार काही नाही.

दूध-पोळी, पेज, केळं, कुत्र्याचं खाणं यातलं काहीही नको. "आजारी आहे, हलकं काहीतरी द्यावं" ही आपली माणसांची रीत. गवत आंबवून पचवणाऱ्या आतड्यात साखर आणि स्टार्च गेले की तिथले उपयोगी जीवाणू बिघडतात, जुलाब लागतात. तसंच, भूक लागावी म्हणून मेट्रोनिडाझोल द्यायचा सल्ला मिळेल. ते जंतुसंसर्गावरचं औषध आहे, भुकेचं टॉनिक नव्हे. मात्रा चुकली तर मेंदूवर परिणाम होतो.

भरवायची वेळ आलीच तर

ऊब बसली, पाणी पोटात गेलं, डॉक्टरांनी तपासलं, आणि तरीही खात नसेल तर भरवायचं. तीन वाटा आहेत.

पहिली, तोंडात सिरिंजने थेंब थेंब. दिसायला सोपी, पण मला सगळ्यात कमी आवडणारी. कासवाच्या जिभेच्या बुडाशी श्वासनळीचं तोंड असतं, आणि तोंडात साठलेला घास तिकडे जायला वेळ लागत नाही. ते न्यूमोनियाला आमंत्रण.

दुसरी, पोटापर्यंत नळी. अन्न श्वासनळीच्या पलीकडे सोडलं जातं, म्हणून नीट जमली तर पहिलीपेक्षा सुरक्षित. ही डॉक्टरांसमोर, तुमच्या हातांनी करून दाखवल्याशिवाय घरी करायची नाही. व्हिडिओ बघून तर नाहीच.

तिसरी, मानेच्या बाजूने अन्ननलिकेत बसवून ठेवायची नळी. भूल देऊन डॉक्टर बसवतात, ती आठवडे-महिने राहते आणि ती असतानाच कासव तोंडाने खाऊ लागू शकतं. ऐकून लोक हादरतात. पण रोज तोंड उघडायची झटापट तिने संपते. सुलकाटा मोठं झालं की मान आत घेतल्यावर ती बाहेर ओढणं दोन माणसांनाही जमत नाही, आणि जोर लावला तर चोच तडकते, जबडा दुखावतो. दोन आठवड्यांहून जास्त भरवावं लागेल अशी चिन्हं असतील तर मी आपण होऊन डॉक्टरांना या नळीबद्दल विचारते.

द्यायचं काय? शाकाहारी प्राण्यांसाठीची तयार भुकटी, ऑक्सबोची क्रिटिकल केअर किंवा इमेरेडची शाकाहारी. ती मिळेपर्यंत चांगल्या प्रतीचे गवताधारित कासव-पेलेट भिजवून, मिक्सरमधून काढून, गाळून. बारीक नळीत जाडा कण अडकला तर सिरिंजवर जोर येतो आणि मग एकदम सगळं सुटतं. अडकली तर नळी बाहेर काढा, ढकलू नका.

किती? कासवाचं पोट वजनाच्या साधारण २ टक्के धरतात, म्हणजे किलोमागे २० मिली ही वरची मर्यादा. तिथून सुरुवात करायची नसते. किलोमागे ५ मिलीपासून सुरू करा. ८०० ग्रॅमच्या कासवाला पहिल्या वेळी ४ मिली, आणि पुढे चढवत नेऊनही १६ मिलीच्या वर नाही. बरेच दिवस उपाशी असलेल्याला पहिले दोन-तीन दिवस डॉक्टरांनी सांगितलेलं क्षारांचं पाणीच, मग अगदी पातळ खिमट, आणि आठवडाभराने पूर्ण दाट. उपाशी अंगात एकदम ताकदीचं अन्न गेलं की रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस पेशींमध्ये ओढलं जातं, हृदय गडबडतं, आणि "काल तर छान भरवलं होतं" असं म्हणायची वेळ येते. गवतखाऊ कासवाला रोज भरवायचीही गरज नसते. एक दिवसाआड पुष्कळ.

कृती थोडक्यात अशी. सकाळची वेळ, म्हणजे दिवसभर ऊब मिळून पचेल. आंघोळ आधी, नंतर नाही. एकाने कासव उभं धरायचं, डोकं वर, मान सरळ ताणलेली. दुसऱ्याने नाकाच्या टोकापासून पोटाच्या कवचाच्या मध्यापर्यंत नळी मापून तिथे चिकटपट्टीने खूण करायची. नळीला पाणी किंवा जेल लावून, जीभ आणि श्वासनळीचं तोंड डोळ्यांनी बघून, त्याच्या मागून सरळ खाली न्यायची. अडलं तर थांबा, जोर नाही. खूण चोचीशी आली की कोमट अन्न सावकाश सोडा. तोंडात अन्न वर आलेलं दिसलं तर तिथेच थांबायचं, नळी दाबून धरून बाहेर काढायची, डोकं खाली करून तोंड निथळू द्यायचं. त्या दिवशी परत नाही. सगळं नीट झालं तर नळी काढून मिनिटभर तसंच उभं धरा, मग दिव्याखाली एकटं सोडा. मुलांना बघायला बोलवायचं ते दुसऱ्या कधीतरी.

भरवताना होणाऱ्या अडचणी

उलट येतंय. बहुतेक वेळा मात्रा जास्त, वेग जास्त किंवा कासव थंड. तिन्ही सुधारूनही येत असेल तर पुढे कुठेतरी अडलं आहे, एक्स-रे.

शीच होत नाही. महिनाभर रिकामं असलेलं आतडं भरायलाच वेळ लागतो, पहिली शी दोन-तीन आठवड्यांनीही येते. शू आणि पांढरं नियमित येत असेल तर वाट बघा. शू-पांढरंही बंद असेल आणि वजन मात्र भरभर चढत असेल तर वाट बघू नका.

वजन वाढतंय, पण मांड्या आणि मानेच्या बगला पाण्याने फुगल्यासारख्या दिसताहेत. ही चरबी नव्हे, सूज आहे. मूत्रपिंड किंवा हृदय. भरवणं थांबवून डॉक्टरांना फोन.

पातळ, घाण वासाची शी. घरात कोणीतरी फळ देत नाहीये ना ते विचारा. (आजी लोकांवर विशेष लक्ष ठेवावं लागतं, प्रेमापोटी चिकू जातो.) तसं नसेल तर शीचा ताजा नमुना, डबीत, त्याच दिवशी.

हिंडतंय, ऊन घेतंय, डोळे स्वच्छ, वजन स्थिर, पण तोंडाने काही घेत नाही. इथे लोक घाबरून मात्रा वाढवतात. उलट करा. पोट भरलेलं असताना ते कशाला चावेल? दोन भरवण्यांतलं अंतर तीन-चार दिवसांवर न्या, हाताळणं कमी करा, आणि चोच वाढून वाकडी झाली आहे का ते बघा. वाढलेली चोच डॉक्टर घासून देतात आणि काही कासवं त्याच संध्याकाळी पानाचा तुकडा तोडतात.

भरवणं सोडवताना

पहिला घास घेतला म्हणून नळी बंद करायची नाही. एक जास्वंद खाणं आणि पोट भरणं यात बराच फरक आहे. सकाळी पाला ठेवा, दुपारपर्यंत किती संपला ते बघा, आणि त्या दिवसाचं भरवणं तेवढ्याने कमी करा. भरवण्याशिवाय दोन-तीन आठवडे वजन टिकलं किंवा चढलं तर झालं. बसवलेली नळी असेल तर ती काढायचा निर्णयही याच आकड्यांवर होतो, म्हणून डॉक्टरांकडे जाताना वही न्या; "खातंय बऱ्यापैकी" यावर कोणी नळी काढू नये.

नळी सुटल्यावर आठवड्यातून एकदा वजन चालू ठेवा, आणि महिन्याभराने शीची तपासणी परत करून घ्या. ट्यूबची तारीख मेमध्ये बघायची, जुलैमध्ये नाही. पावसात ऑनलाइन मागवलेली ट्यूब फुटून येण्याचं प्रमाण बरंच असतं, म्हणून मी तर एक जास्तीची आणून कपाटावर ठेवते.